दोन दिवस गॅस जपा

मिस्तरींनी आयुष्यात दोनशे अकरा घुमट बांधले आणि त्यांतला एकही कुणाला दिसत नाही. सगळे जमिनीखाली. घुमट म्हटल्यावर माणसं मान वर करतात. मिस्तरींचे घुमट बघायचे तर गोठ्यामागे जाऊन, नाक दाबून, खाली बघावं लागतं. वर मातीचा उंचवटा, त्यातून निघालेली एक नळी, आणि ती भिंतीतून स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत. एका बाजूने शेण-पाणी कालवून आत सोडायचं, दुसऱ्या बाजूने पातळ खत शेताला काढायचं, आणि मधल्यामध्ये जो गॅस साठतो त्यावर घरचं दूध तापवायचं. वापरणाऱ्याला इतकं सोपं. बांधणाऱ्याला नाही. खड्ड्यात उकिडवं बसून एकेक वीट कलती लावायची आणि सिमेंट धरेपर्यंत हाताने दाबून ठेवायची, खालून आधार काही नाही. पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टरने गुडघ्यांचा फोटो उजेडात धरून विचारलं, "काय हो, धावायच्या शर्यती करत होता का?"

"नाही," मिस्तरी म्हणाले, "बसायच्या."

मग योजनेच्या कचेरीने त्यांना तपासनीस केलं. एक फोन दिला, पेट्रोलचा भत्ता दिला, आणि ज्यांचे घुमट त्यांनी बांधले होते त्यांच्याच घरी जाऊन ते चालतात का हे बघायला सांगितलं. योजना अशी की, ज्या छोट्या शेतकऱ्याच्या घरी लाकडाऐवजी गोबरगॅसवर स्वयंपाक होतो त्याला वर्षातून एकदा पैसे मिळतात, पर्यावरण सांभाळल्याबद्दल. कागदावर त्याचं नाव चांगलं दीड ओळीचं आहे. लोक म्हणतात 'धुराचे पैसे'. म्हणजे न निघालेल्या धुराचे. कुठल्या तरी लांबच्या कारखान्याने धूर सोडायचा आणि इथल्या बाईने न सोडलेल्या धुराचे पैसे तिला द्यायचे, हा व्यवहार मिस्तरींना सहा वर्षं झाली तरी पुरता पटला नव्हता. पण दोन-दोन गायींवाल्या घरांत त्या पैशांवर कोरड्या दिवसांतला चारा येत होता. चारा आला तर गाय राहते, गाय राहिली तर शेण, शेण असलं तर गॅस. एवढं मिस्तरींना कळत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

पूर्वी तपासणीला साहेब लोक यायचे आणि फक्त ज्योत बघायचे. निळी पाहिजे आणि वीतभर पाहिजे. लाल-पिवळी, बुटकी ज्योत दिसली की साहेबांचं तोंड वाकडं व्हायचं. म्हणून प्रत्येक घरी घुमट पुरा झाला, की हातावरचं सिमेंट धुता धुता मिस्तरी घरच्या बाईला सांगायचे, "साहेब यायच्या आधी दोन दिवस गॅस जपा. बाहेर चूल पेटवा, पण शेगडीला हात लावू नका. ज्योत कशी वीतभर उठली पाहिजे." साहेब कधी येणार तेही मिस्तरी आधी कळवायचे. त्यांचा एकही घुमट कधी नापास झाला नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता.

यंदा मीटर आले. नळीवर तळहाताएवढी डबी. शेगडी कोणत्या दिवशी जळली आणि कोणत्या दिवशी नाही, हे ती डबी लक्षात ठेवते. नियम असा झाला, की मागच्या पंधरा दिवसांत निदान दहा दिवस शेगडी जळलेली पाहिजे, नाहीतर संयंत्र 'बंद' धरायचं. बंद धरलं की त्या वर्षीचे पैसे गेले आणि दुरुस्तीच्या यादीतूनही नाव गेलं. तपासणीची तारीख आता कुणी कळवत नाही. कचेरीतून एक संदेश येतो, 'पुढील पंधरा-वीस दिवसांत तपासनीस कधीही येतील'. बस.

त्या आठवड्यात मिस्तरींनी नऊ घरं बंद केली होती.

पहिल्या दोन-तीन घरी त्यांना आश्चर्य वाटलं, मग राग आला. घुमट भरलेला, ज्योत ही एवढी, आणि मीटरवर शून्याची माळ. फुकटचं मिळालं की माणूस आळशी होतो, दुसरं काय, असं ते मनाशी म्हणाले. तोंडाने काही बोलले नाहीत. गेल्या वर्षी दुसऱ्या कुणी बांधलेला घुमट नापास केला म्हणून एका बटाटेवाल्याने भांडता भांडता त्यांची कॉलर धरली होती, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. निकाल सांगायचा नाही. फोटो काढायचा, बटण दाबायचं आणि निघायचं. घरच्यांना महिन्याभराने संदेश जातो, तोपर्यंत आपण कुठल्या कुठे. दमलेल्या माणसाला असे शहाणपणाचे मार्ग बरोबर सुचतात. त्या नऊ घरांनी त्यांना हसून निरोप दिला होता. एका घरी तर जुळ्या मुलींच्या आईने सहा अंडी कागदात बांधून दिली, आणि मिस्तरींनी ती घेतली.

दहावं घर मावशीचं.

मावशी म्हणजे सत्तरी उलटलेली, एकटी, दोन गायींची मालकीण. नात्याची कुणी नाही; पण मिस्तरींनी बांधलेला सातवा घुमट तिचा. तेव्हा नवरा नुकताच वारलेला, मजूर परवडत नव्हता, म्हणून विटा तिने स्वतः डोक्यावरून वाहिल्या होत्या आणि प्रत्येक वीट खड्ड्यात देताना मिस्तरींना एक शिवी दिली होती. त्यावरून जमलेलं नातं, ते टिकलं.

"ये रे मिस्तरी. गेलास की काय म्हटलं, इतके दिवस झाले."

"जाईन कुठे? गुडघे नेतील तिथे."

"मग फार लांब नाही जात." मावशीने खुर्ची पुढे ओढली. तिचे डोळे लाल झाले होते आणि ती सारखे पुसत होती. "बस. आधी ज्योत बघ. मग पाणी पी."

स्वयंपाकघर छोटं, एका खिडकीचं. ओट्यावर शेगडी लखलखीत पुसलेली. मावशीने कॉक फिरवला, काडी लावली, आणि ज्योत भप्पकन अशी उठली, की मिस्तरींनी मान मागे घेतली. निळी. वीतभर कसली, हातभर. मावशी शेगडीकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"काय? आहे की नाही?"

"आहे," मिस्तरी म्हणाले, आणि वाकून मीटर बघितला. पंधरा दिवसांत दोन दिवस जळलेली. तेरा दिवस शून्य.

दहावं. त्यांनी खिशातून फोन काढला, ज्योतीचा फोटो घेतला, मीटरचा घेतला. पडद्यावर नेहमीची तीन बटणं आली: चालू, बंद, घर कुलूपबंद. अंगठा सवयीने मधल्या बटणाकडे निघाला. तेवढ्यात मागच्या दारातून धुराचा एक लोट आत आला आणि त्यांना खोकला आला.

"मावशी, मागे काय पेटलंय?"

"चूल."

"घरात गॅस असताना चूल?"

"आता मलाच विचार!" मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे, तूच ना सांगून ठेवलंस, तपासणीच्या आधी दोन दिवस गॅस जपा म्हणून?"

"दोन दिवस म्हटलं होतं, मावशी! तेरा नाही!"

"हो, पण तू येणार कधी ते आता कुठे कळतं? संदेश आला, कधीही येतील. म्हटलं, उद्या आला तर? परवा आला तर? रोजच तुझ्या येण्याच्या आधीचे दोन दिवस, मग काय करणार? तेरा दिवस धुरात बसून दूध तापवलं. डोळ्यांची वाट लागली. पण घुमट कसा भरलाय बघ, मागच्या टाकीत दिवसभर बुडबुड बुडबुड चालू आहे."

मिस्तरी मागच्या दारात जाऊन उभे राहिले. तीन दगडांची काळी चूल, बाजूला ओलसर लाकडं, आणि खताच्या टाकीत खरोखरच बुडबुडे येत होते. घुमट भरून वाहिला, की जादा गॅस तसाच निघून जातो. तेरा दिवसांचा गॅस वाऱ्यावर गेला होता आणि तेरा दिवसांचा धूर मावशीच्या डोळ्यांत. ज्या दोन गोष्टी थांबवायच्या म्हणून सगळं चाललं होतं, त्या दोन्ही या बाईने त्यांच्या शब्दाखातर केल्या होत्या.

मग त्यांना ती नऊ घरं आठवली. तिथे असतानाच हे कळलं असतं तर बरं झालं असतं. जुळ्या मुलींच्या आईच्या अंगणातही चूल होती. शाळेतून निवृत्त झालेल्या शिपायाकडे होती. टेलरबाईकडे भिंत काळी झालेली त्यांनी पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, आळशी. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही नऊ वेळा आणि आपल्याच अंगठ्याने. मिस्तरी मागच्या पायरीवर मटकन बसले. गुडघ्यांतून कळ गेली, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांनी मावशीला नियम सांगितला. मावशीने ऐकला.

"म्हणजे माझा चारा गेला."

"हो."

"मग एक गाय काढावी लागेल. आणि एका गाईच्या शेणावर हा पेटायचा नाही."

"माहीत आहे, मावशी. मीच बांधलाय."

उपाय एकच होता. तिसरं बटण. घर कुलूपबंद नोंदवलं, की पंधरा दिवसांनी पुन्हा भेट मिळते. तेवढ्या दिवसांत रोज निदान तासभर शेगडी पेटवली तर मीटर सुधारतो. अशा फेरीचे पैसे तपासनिसाला मिळत नाहीत, आणि महिन्यात दोनापेक्षा जास्त कुलपं नोंदवली तर कचेरी खुलासा मागते. मिस्तरींचं एक कुलूप खर्च झालं होतं. एक उरलं होतं. पण फोनला कुलपाचा फोटो लागतो.

"या दाराला कधी कुलूप लागलेलं नाही," मावशी म्हणाली. "माझा माणूस गेला त्या दिवशीही दार उघडं होतं. आणि माझ्याकडे कुलूपच नाही."

"फोनपुरतं आहे गं."

"फोनला खोटं बोलायला शिकवतोस?"

"त्यानेच मला शिकवलंय."

धूर आत येत होता म्हणून मिस्तरींनी मागचं दार आतून लावून घेतलं, बाहेर येऊन मोटारसायकलचं साखळीचं कुलूप काढलं, दार ओढलं, कडीतून साखळी घातली आणि कुलूप लावलं. मग चार पावलं मागे सरून फोटो काढला. मावशी त्यांच्या पाठीशी हाताची घडी घालून स्वतःचंच बंद घर बघत उभी होती. "मेल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली आणि बादली उचलून गायींकडे निघून गेली. मिस्तरींनी बटण दाबलं, गाडीला किक मारली आणि निघाले. आपण एक तरी घर वाचवलं, असं त्यांना वाटत होतं. फार बरं मात्र वाटत नव्हतं.

चौदा किलोमीटरवर तिठ्याला चहाची टपरी. तिथे गाडी लावून त्यांनी साखळीसाठी हात मागे नेला. साखळी नव्हती. खिशात किल्ली होती.

टपरीवाला म्हणाला, "काय हो मिस्तरी, काय झालं? पाकीट राहिलं?"

"नाही," मिस्तरी म्हणाले. "म्हातारी राहिली. घराबाहेर."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत ते वळणार होते. पण गाडीवर बसेनात. किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. या एका दाराची किल्ली तरी आपल्याकडे आहे, जाऊन उघडता येईल. त्या नऊ दारांचं काय? तिथली माणसं अजून बाहेर चुलीवर फुंकर मारत असतील किंवा सुटलो एकदाचे म्हणून शेगडी पेटवली असेल, आणि महिन्याभराने संदेश येईल. त्यांनी कचेरीतल्या साहेबाला फोन लावला. साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचा, स्वभावाने बरा, आवाजावरून तोही दमलेला.

"नोंद बदलता येत नाही, मिस्तरी. मीटर खोटं बोलतोय का?"

"नाही साहेब. मीटर खरं बोलतोय. माणसंही खरी आहेत. चूक माझी आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, फक्त कुलपाचं सोडून.

"एक नियम आहे. तपासनिसाच्याच चुकीच्या सांगण्यामुळे वापर थांबला असेल, तर फेरतपासणी करता येते. पण तसं तुम्ही लेखी द्यायला पाहिजे. घरांच्या यादीसकट, सहीनिशी."

"देतो की."

"ऐका तर. मग तो तपासनीस कामावर ठेवता येत नाही. तोही नियमच आहे. समजतंय ना? तुमची तीन वर्षं राहिलीत." साहेबाने घसा साफ केला. "विचार करा. तुमचा फोन आला नाही असं मी समजतो."

परतीच्या चौदा किलोमीटरांत मिस्तरींनी विचार केला. घरी दोघंच, पण दोघांनाही खायला लागतं. दुसरं काम या गुडघ्यांना कोण देणार? आणि दोनशे अकरा घुमट बांधणाऱ्याच्या स्वतःच्या घरी गोबरगॅस नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दीड खोल्या, गाय कुठे बांधणार? सिलिंडर विकत आणायचा, तोही याच पगारातून. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं. ती नऊ घरंसुद्धा नशिबालाच दोष देतील; त्यांना मिस्तरींवर संशय येणार नाही, उलट पुढच्या वर्षी पुन्हा अंडी देतील. ही अंडी त्यांना फार जड वाटली.

पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशी पायरीवर बसली होती, शेजारी दुधाची बादली, न तापवलेली.

"ये. कैदी पळाली नाही."

"मावशी, चुकलो."

"ते दुपारीच कळलं. आता दार उघड, दूध नासेल."

मिस्तरींनी कुलूप काढलं. मावशीने आत जाऊन शेगडी पेटवली आणि पातेलं चढवलं. दुसऱ्या बर्नरवर बटाटे उकडायला ठेवले. "रोज एक तास तरी जाळ म्हणालास ना? एकटीला एक तास लागतो कुठे? आज तू आहेस तर जेवूनच जा, तेवढंच मीटरचं तरी पोट भरेल." मिस्तरी खुर्चीत बसले. इतके दमले होते, की नको म्हणायलाही तोंड उघडेना. जेवता जेवता त्यांनी साहेबाच्या फोनचं सांगितलं.

"कुठली कुठली घरं?" मावशीने विचारलं.

त्यांनी सांगितली. ती प्रत्येकाला ओळखत होती. टेलरबाईचं नाव निघाल्यावर ती म्हणाली, "तिला तर दमा आहे रे."

मग उठून तिने फडताळातून पशुखाद्याची जुनी पावती आणली, उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. लिही असं ती म्हणाली नाही. नको लिहू असंही नाही. ताटं उचलून धुवायला लागली.

मिस्तरींचं अक्षर गवंड्याचं, वाकडं पण जाड. 'मी तपासनीस लिहून देतो, की खाली लिहिलेल्या घरांना तपासणीआधी गॅस वापरू नका असं मीच सांगितलं होतं. त्यांनी माझं ऐकलं. त्यांचा दोष नाही. त्यांचे घुमट चालू आहेत. ते मी स्वतः बांधले आहेत.' शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं, पण ते त्यांना लिहावंसं वाटलं. खाली एक ते नऊ आकडे टाकून त्यांनी घरं लिहिली.

मावशी ओल्या हातांनी मागे येऊन उभी राहिली. तिला वाचायला वेळ लागत असे, पण मोजता येत होतं.

"दहा कर."

"तुझं नको, मावशी. तुझं कुलपात सुरक्षित आहे. यादीत घातलं तर कुलूप खोटं होतं हे लिहावं लागेल, आणि मग साहेब तुझं ऐकतील की नाही..."

"तेही लिही. खोटंच होतं." तिचा आवाज चढला नाही. "नऊ जणी खरं बोलून उभ्या राहणार आणि मी एकटी कुलपामागे लपू? माझं घर बंद नव्हतं, मिस्तरी. मी घरात होते. शेगडी बंद होती ती तुझ्या शब्दाखातर. तसं लिही."

मिस्तरींनी दहावा आकडा टाकला. कुलपाचं एक वाक्य लिहिलं. सही केली. सही करताना त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी पाठीवरचं काहीतरी कुणी उतरवून घेतल्यासारखं झालं. त्यांनी पावतीची घडी करून वरच्या खिशात ठेवली, फोनच्या बाजूला.

दूध केव्हाच तापलं होतं. मावशीचा हात सवयीने कॉककडे गेला.

"राहू दे," मिस्तरी म्हणाले. "अजून वीस मिनिटं व्हायची आहेत."

तिने रिकामं पातेलं पाण्याने भरून ज्योतीवर ठेवलं. दोघं बसून राहिले. पाण्याला काही काम नव्हतं.

"पुढच्या वेळी मग दुसरा कुणी येईल," मावशी म्हणाली.

"हो."

"तरणा असेल. गुडघे चांगले असतील."

"असतील."

"घुमटातलं काही कळत नसेल."

मिस्तरी हसले नाहीत, पण हसल्यासारखं केलं. वीस मिनिटं झाल्यावर ते खुर्चीच्या दांडीला धरून उठले. जमिनीवर पडलेली साखळी आणि कुलूप त्यांनी उचललं, तशी मावशी दारापर्यंत आली.

"तू येत जा रे," ती म्हणाली. "ज्योत बघायला नाही, जेवायला. दार उघडंच असतं, तुला माहीत आहे."

मिस्तरींनी मान हलवली आणि साखळी गाडीला अडकवली. टेलरबाईचं घर वाटेवरच होतं. अजून उजेड होता.